आद्य ख्रिस्ती उपासनेतील वैविध्य आणि सातारा-सांगलीची मराठी उपासना

ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन व कीर्तन यांना स्थान देणे ही मूळ परंपरेशी केलेली तडजोड होय, असे मत अधूनमधून मांडले जाते. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांची उपासना सर्वत्र एकसारखी होती, हे त्यामागील गृहीतक इतिहासाला धरून नाही.

सर्वसाधारणपणे पहिल्या शतकाच्या अखेरचा मानला जाणारा ‘दिदाखे’ हा ग्रंथ आभारप्रार्थनेचे नमुने देतो. मात्र संदेष्ट्यांना हवे तसे आभार मानू द्यावेत, असेही सांगतो. इ.स. 150च्या सुमारास रोममध्ये लिहिणाऱ्या जस्टिनच्या वर्णनातही उपासनेचा प्रमुख यथाशक्ती प्रार्थना करतो. निश्चित संहिता पुढे आल्या आणि त्याही अँटिओक, अलेक्झांड्रिया, रोम व एदेसा येथे निरनिराळ्या घडल्या. एदेसाची भाषा सिरियाक होती. तेथील परंपरेतील ‘अद्दई व मारी’ या प्राचीन प्रार्थनेत ख्रिस्ताचे अंतिम भोजनाच्या वेळचे शब्दच नाहीत; तरीही 2001 साली रोमने तिची ग्राह्यता मान्य केली. याच परंपरेतील एफ्रेम (मृत्यू इ.स. 373) याचे उदाहरण विशेष बोलके आहे. बार्देसानच्या गीतांची लोकांवरील मोहिनी पाहून त्याने त्याच धाटणीची पदे रचली व ती स्त्रियांच्या गायकवृंदाकडून गाऊन घेतली, असे परंपरा सांगते. लोकांच्या कानांत रुळलेला छंद त्याने त्याज्य मानला नाही.

सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याने ‘कल्लिआना’ येथे पर्शियात दीक्षित झालेला बिशप असल्याची नोंद केली आहे. हे स्थळ म्हणजे कल्याण, असे सामान्यतः मानले जाते. तेथील उपासना सिरियाकमध्ये होत असावी, हा तर्क सयुक्तिक आहे. मराठीत मात्र तिचा माग उरला नाही.

सातारा-सांगलीत ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या त्या एकोणिसाव्या शतकात. महाबळेश्वर-पाचगणीच्या गोऱ्या वस्तीत अँग्लिकनांचा छापील प्रार्थनाग्रंथ चाले. साताऱ्यात काँग्रिगेशनल वळणाचे अमेरिकन मराठी मिशन, तर सांगली-मिरजेत प्रेस्बिटेरियन मिशन होते. डॉ. विल्यम वानलेस यांचे मिरजेतील रुग्णालय (1894) याच मिशनचे. या दोन्ही मिशनांत छापील प्रार्थनेची सक्ती नव्हती. दिदाखेतील मोकळीक येथे अनपेक्षितपणे परत आली म्हणावे! रोमन कॅथलिकांची मिस्सा मात्र 1963च्या उपासनाविषयक परिषद-निर्णयापर्यंत लॅटिनमध्येच होती.

या मोकळ्या जागेचे मोल रेव्ह. नारायण वामन टिळकांनी ओळखले. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तेथे प्रवेश होता. मराठी संतांचा अभंग त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी योजला. एफ्रेमने एदेसात केले ते याहून फारसे निराळे नव्हते. दोन वर्षांतच, 1919 साली, टिळकांचे निधन झाले आणि दरबाराचा प्रयोग अपुरा राहिला.

फरक आहे तो पुढच्या वाटचालीत. एफ्रेमची पदे विधीचेच अंग बनली. टिळकांची पदे मराठी मंडळ्यांत आजही गायिली जातात. परंतु प्रभुभोजनाच्या विधीचा सांगाडा प्रामुख्याने भाषांतरितच राहिला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल प्रवाह एका संघटनेत आले. अभंगाची जागा त्यानंतरही विधीच्या आधी, मध्ये वा शेवटी राहिली. प्रत्यक्ष भाकर व प्याल्यावरील आभारप्रार्थना अभंगाच्या छंदात आली नाही.