वैमानिक लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर

पेण-रोह्याकडील घरांतून १९१८ सालची गोष्ट निघाली, कीं रोह्याचे वकील देशमुख यांचे चिरंजीव चिंतामणराव लंडनच्या आय. सी. एस. परीक्षेंत पहिले आले, हें अभिमानानें सांगण्यांत येतें. तें योग्यच आहे. पण चिंतामणराव केंब्रिजच्या ज्या जीझस कॉलेजांत शिकले, त्याच कॉलेजांतील मुंबईचे एक मराठी तरुण त्याच वर्षीं फ्रान्समध्यें लढतां लढतां पडले. त्यांचें नांव मात्र आमच्या घरांत क्वचितच निघतें.

लढाऊ अधिकाऱ्याचें बादशाही कमिशन १९१७ च्या ऑगस्टपर्यंत हिंदी लोकांस जवळजवळ बंदच होतें. अशा काळांत ब्रिटिश विमानदलांत शिरलेल्या चौघां हिंदी तरुणांपैकीं वेलिणकर हे एक. हरदित्तसिंग मलिक वांचले, एरल सेन जर्मनांचे कैदी झाले, आणि इंद्रलाल रॉय १९ व्या वर्षीं, २२ जुलै १९१८ रोजीं, धारातीर्थीं पडले.

वेलिणकर तेविसाव्या पथकांत 'डॉल्फिन' नांवाचें विमान चालवीत. त्याची रचना मोठी विलक्षण होती. वरच्या पंखाच्या मध्यभागीं मोकळी चौकट ठेवलेली असे व वैमानिकाचें डोकें तींतून वर निघे. त्यामुळें नजर चौफेर फिरे. पण उतरतांना विमान उलटलें, तर सारा भार मानेवर येण्याचें भय! बलूनमधील टेहळ्यांस हवाई छत्री मिळे, ब्रिटिश विमानांतील वैमानिकांस ती देत नसत. घरच्या मंडळींस असले तपशील ठाऊक नसतात, हें एका अर्थीं बरेंच.

२७ जून १९१८ रोजीं वेलिणकर गस्तीवर गेले, ते परतले नाहींत. 'बेपत्ता' हा शब्द मृत्यूच्या तारेहूनही कठीण, असें आम्हांस वाटतें. सुतक धरावें, तर आशा सुटत नाहीं; देवापुढें दिवा लावून वाट पाहावी, तर मन घट्ट होत नाहीं. ज्याची वार्ता नाहीं त्याची बारा वर्षें वाट पाहावी व मग पलाशविधि करावा, असें आमचें शास्त्र सांगतें. बारा वर्षें!

वस्तुतः ते जखमी होऊन शत्रूच्या हातीं सांपडले होते, व तिसऱ्याच दिवशीं, ३० जून रोजीं, त्यांचें प्राणोत्क्रमण झालें. जर्मनांनीं क्रूसावर नांव भलतेंच लिहिल्यामुळें थडग्याची ओळख पटण्यासही पुढें काळ लागला. तहकुबी ११ नोव्हेंबरला झाली, म्हणजे अवघ्या सव्वाचार महिन्यांनीं. फ्रान्सच्या सोम प्रांतांतील हांगार गांवच्या दफनभूमींत आतां त्यांच्याच नांवाचा दगड उभा आहे.