विश्लेषण : देवाचे ज्ञान की माणसाची बुद्धी? ख्रिस्ती शिकवण नेमके काय सांगते?

आजारपण, नोकरी, लग्न किंवा घरातला वाद, अशा प्रत्येक पेचात केवळ स्वतःच्या अकलेवर विसंबू नये, देवाकडून शहाणपण मागावे, अशी शिकवण ख्रिस्ती मंडळींत दिली जाते. याचा अर्थ डॉक्टर, वकील, शिक्षण यांची गरज नाही असा होतो का? या शिकवणीचे मूळ, तिचा अर्थ आणि तिच्याभोवतीचे वाद यांविषयी...

ही शिकवण आली कुठून?

बायबलच्या जुन्या करारातील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथात देवावर पूर्ण भरवसा ठेवण्याचा उपदेश आहे. मात्र या विषयाची सर्वात सविस्तर चर्चा नव्या करारात, प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आढळते. हे पत्र साधारण इ. स. ५३ ते ५५ या काळात इफिस शहरातून लिहिले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

करिंथमध्ये काय बिघडले होते?

करिंथ हे ग्रीसमधील गजबजलेले व्यापारी शहर. रोमनांनी ते इ. स. पूर्व १४६ मध्ये उद्ध्वस्त केले आणि इ. स. पूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरने पुन्हा वसवले. ग्रीक-रोमन जगात वक्तृत्वाला मोठा मान होता. चांगला बोलणारा गुरू कोण, यावर शिष्यांची प्रतिष्ठा ठरे. हीच सवय तिथल्या नव्या ख्रिस्ती मंडळीतही शिरली. कुणी स्वतःला पौलाचा म्हणवू लागला, कुणी फर्ड्या वक्त्या अपुल्लोचा, कुणी केफाचा म्हणजे पेत्राचा. मंडळीत गट पडले.

पौलाचा मुद्दा काय होता?

वधस्तंभावर मारला गेलेला तारणारा, ही कल्पना त्या काळच्या सुशिक्षितांना हास्यास्पद वाटत असे. रोमन साम्राज्यात ही गुलाम आणि बंडखोरांना दिली जाणारी लाजिरवाणी शिक्षा होती. पौल नेमके तिथेच बोट ठेवतो. जगाला जो मूर्खपणा वाटतो त्यात देवाचे शहाणपण आहे, आणि ते तर्काने जिंकून नव्हे तर पवित्र आत्म्याच्या साहाय्याने उमगते, असे तो मांडतो. त्याचा रोख ज्ञानावर नाही, ज्ञानाच्या गर्वावर आहे. मी अधिक शहाणा, म्हणून मी वरचा, ही वृत्ती त्याला खटकते.

म्हणजे बुद्धी नाकारायची?

तसे दिसत नाही. पौल स्वतः विद्वान होता. त्याचे शिक्षण गमलियेल या नामवंत यहुदी गुरूच्या हाताखाली झाले आणि अथेन्समध्ये बोलताना त्याने ग्रीक कवींचा दाखला दिला, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात नमूद आहे. करिंथच्याच पत्रात पुढे तो प्रार्थना मनानेही करा, विचाराने प्रौढ व्हा, असे बजावतो. त्याचा सहकारी लूक हा वैद्य होता.

चर्चच्या इतिहासात मात्र दोन्ही सूर ऐकू येतात. इ. स. २०० च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियनने ग्रीक तत्त्वज्ञानाबद्दल तीव्र अविश्वास दाखवला. त्याचाच समकालीन, अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट, तेच तत्त्वज्ञान ग्रीकांना ख्रिस्ताकडे नेणारी तयारी मानत होता. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने श्रद्धा आणि तर्क यांची सांगड घातली. पोप जॉन पॉल द्वितीय यांनी १९९८ च्या परिपत्रात या दोहोंना सत्याकडे नेणाऱ्या दोन पंखांची उपमा दिली.

आजारपणात काय?

इथे हा प्रश्न जिवाशी येतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मेरी बेकर एडी यांनी स्थापन केलेल्या ‘ख्रिश्चन सायन्स’ पंथासारखे काही गट औषधांपेक्षा प्रार्थनेवर भर देत आले. मुख्य प्रवाहातील चर्च तसे मानत नाहीत. मिशन रुग्णालयांची परंपरा हा त्याचा ठळक पुरावा. करोनाकाळात, ऑगस्ट २०२१ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी लस घेणे ही प्रेमाची कृती असल्याचे सांगितले. प्रार्थना आणि उपचार एकमेकांच्या आड येत नाहीत, ही बहुसंख्य चर्चची भूमिका आहे.

महाराष्ट्रातले उदाहरण कोणते?

पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२). संस्कृत विद्वत्तेसाठी कोलकात्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना हा त्यांच्या कामाचा कणा झाला. पण विद्या त्यांनी टाकून दिली नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून सामान्य बायांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबलचा अनुवाद करण्यासाठी त्यांनी ती खर्ची घातली.

‘देवाने सांगितले’ हे पारखायचे कसे?

सर्वात मोठा धोका इथेच आहे. एखादा उपदेशक आपलेच मत देवाचा आवाज म्हणून पुढे करू शकतो. पैसे, लग्न किंवा उपचार यांबाबतचे निर्णय अशा दाव्यांवर घेतले गेले तर किंमत कुटुंब मोजते. यावर बायबलमध्येच कसोट्या दिल्या आहेत. याकोबाच्या पत्रानुसार वरून आलेले शहाणपण शांतिप्रिय, सौम्य, दयाळू आणि निष्पक्ष असते. मत्सर आणि स्वार्थ दिसला तर ते वरून आलेले नाही. संदेश देणारा बोलला की इतरांनी त्याची पारख करावी, असे पौल करिंथकरांना सांगतो. म्हणजे पारखण्याचे काम उरतेच आणि त्यासाठी माणसाला बुद्धी वापरावीच लागते. जो उपदेशक प्रश्न विचारू देत नाही, तो या शिकवणीच्याच कसोटीला उतरत नाही.