दूरच्या कोष्टकांची सांगड

एखाद्या ग्रंथालयाच्या सभासदांची यादी एका संगणकावर, तर पुस्तकांच्या देवघेवीची नोंदवही दूरच्या दुसऱ्या संगणकावर आहे, अशी कल्पना करावी. नव्या २० सभासदांनी कोणती पुस्तके नेली, एवढेच पाहावयाचे आहे. नोंदवहीत मात्र ओळी आहेत १० लाख. सबंध नोंदवही मागवून ती येथे ताडून पाहता येईल. अथवा २० सभासद-क्रमांक तिकडे धाडून जुळतील तेवढ्याच ओळी मागविता येतील. उत्तर एकच, पण श्रमांत केवढा फरक!

मार्गाची ही निवड करणाऱ्या आज्ञावलीच्या भागास नियोजक म्हणतात. प्रत्येक मार्गाचा खर्च अंदाजाने मांडून त्यांतील स्वस्त मार्ग घ्यावा, ही रीत पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आय.बी.एम.च्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पातून १९७९ साली मांडली. अंदाज चुकला तरी उत्तर बरोबरच येते. म्हणूनच असा दोष वर्षानुवर्षे लपून राहू शकतो.

‘पोस्टग्रेस’ या प्रणालीचे उदाहरण बोधप्रद आहे. दूरच्या पोस्टग्रेस संगणकावरील कोष्टके वाचण्याची सोय तीत २०१३ साली आली. तरीही दोन्ही कोष्टके एकाच दूरच्या संगणकावर असली तरी त्यांची सांगड तेथेच घालून घेणे २०१६ पर्यंत साधत नव्हते. त्याहून चमत्कारिक गोष्ट एका आकड्याची. दूरची एक ओळ आणण्याचा खर्च नियोजक ०.०१ धरीत असे. हे माप पैशांचे नव्हे, केवळ तुलनेचे. पण हाती असलेली ओळ हाताळण्याचा खर्चही ०.०१ च धरलेला होता, आणि त्याच यंत्रातील मदतनीस प्रक्रियेकडून ओळ घेण्याचा ०.१. म्हणजे परगावची ओळ शेजारच्या खोलीतील ओळीपेक्षा दहापट स्वस्त! दहा लाख ओळींची ने-आण अवघ्या १०,००० मापांत बसे. २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत हा आकडा ०.२ करण्यात आला, तेव्हा तोच खर्च २,००,००० झाला.

दोष हुडकताना प्रथम नियोजकाकडून त्याची योजना मागवितात. दूर पाठविलेली आज्ञा तीत दिसते. योजना प्रत्यक्ष चालवून पाहिली, तर अंदाजिलेल्या व खरोखर आलेल्या ओळींची संख्याही शेजारी-शेजारी उमटते. २० ओळींच्या अंदाजास २ लाख ओळी आल्या, तर दूरच्या कोष्टकाची येथे साठविलेली आकडेवारी शिळी झाली, असे समजावे. ती नव्याने गोळा करता येते, किंवा दूरच्या संगणकालाच अंदाज विचारण्याची आज्ञा देता येते. त्यात प्रत्येक वेळी थोडा विलंब लागतो, इतकेच.

याहून घातक दोष वर्णक्रमाचा. दोन्हीकडच्या ओळी क्रमाने लावून त्या जुळवीत जाण्याची एक पद्धत आहे. दोन यंत्रांचे वर्णक्रमाचे नियम भिन्न असतील, तर जुळणाऱ्या ओळी मध्येच गळून पडतात, आणि चुकीची सूचनाही मिळत नाही. येथे मात्र उत्तरच खोटे ठरते. अशा वेळी दूरच्या स्तंभाचा वर्णक्रम येथील व्याख्येतही तंतोतंत तसाच नोंदवावा लागतो.