टेकडी, टाके आणि माहेरची माणसं

सिंगापूरला उन्हाळा असा वेगळा नसतो. विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम दीडशे किलोमीटरवरचं हे बेट. बारा महिने तीच एकतीस-बत्तीस अंशांची हवा, तोच घाम, आणि दुपारी केव्हाही कोसळणारा पाऊस. तरी इथल्या मराठी घरांना उन्हाळा येतो, कारण तो गावाकडून येतो. तिकडं परीक्षा संपतात, आई-वडिलांचे व्हिसा होतात, आणि मुंबईहून निघालेलं विमान साडेपाच तासांत उन्हाळ्याची सुट्टी इथं आणून सोडतं. यंदा आमच्याकडं ती मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत मुक्कामाला होती. आधी साताऱ्याहून आई-बाबा आले, मग भाऊ-वहिनी आणि भाचे, शेवटी बेळगावची आत्या. आता घर पुन्हा शांत झालंय आणि मी मागचे महिने आठवत बसते, तेव्हा दोनच गोष्टी सारख्या वर येतात: बुकित तिमाची टेकडी आणि हॉलमध्ये अंथरलेली वाकळ.

आधीच्या खेपांना आम्ही सगळे करतात तेच करत आलो. मरीना बे, सेंटोसा, प्राणिसंग्रहालय, मुस्तफातली खरेदी. आठवड्याभरात दाखवायचं संपतं. मग आम्ही कामावर, मुलं शाळेत, आणि आई-बाबा बाराव्या मजल्यावर टीव्हीसमोर. परदेशी आलेल्या किती आई-वडिलांचे दिवस असे जातात, हे इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. यंदा दुसऱ्याच दिवशी बाबांनी विचारलं, "इथं चढायला काही नाही का गं?" बाबा सत्तरीचे आहेत. साताऱ्यात रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाऊन येणारा माणूस. चढ नसलेला दिवस त्यांना दिवस वाटत नाही.

चढायला आहे ते बुकित तिमा. हा सिंगापूरचा सर्वांत उंच नैसर्गिक माथा, उंची १६३.६३ मीटर, हा आकडा वरच्या शिळेवर कोरूनच ठेवलाय. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ही टेकडी त्याचा जवळपास बरोबर दहावा हिस्सा. बाबांनी आकडा ऐकला आणि काही बोलले नाहीत. ब्यूटी वर्ल्ड स्टेशनवर उतरून आम्ही पायथ्याला पोचलो तेव्हा सात वाजत होते आणि नुकतं कुठं उजाडत होतं. इथं वर्षभर सूर्य सातच्या आसपासच उगवतो, कारण १९८२ पासून इथलं घड्याळ मलेशियाबरोबर भारताच्या अडीच तास पुढं लावलेलं आहे. पहिला टप्पा डांबरी रस्त्याचा, पण चढ छातीवर येणारा. शेवटी पायऱ्या. अजिंक्यताऱ्यावर वारा असतो, इथं पानही हलत नाही. माथ्यावर पोचेपर्यंत बाबांचा सदरा पिळून काढण्यासारखा झाला होता. टेकडी लहान आहे असं त्यानंतर ते एकदाही म्हणाले नाहीत.

या टेकडीची खरी श्रीमंती तिच्या जंगलात आहे. १८८३ साली ते राखीव झालं. आजूबाजूला मिरी, गांबियर, मग रबराच्या लागवडीनं बेटावरचं जवळजवळ सगळं मूळ जंगल गेलं, त्यातलं जे थोडं उरलं ते मुख्यतः इथं आणि शेजारच्या पाणलोटाच्या जंगलात. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्गशास्त्रज्ञ १८५४ मध्ये इथल्या कॅथलिक मिशनऱ्यांकडं राहिला होता आणि सुमारे दोन महिन्यांत त्यानं ७०० जातींचे भुंगेरे गोळा केले. तेव्हा या रानात वाघ होते, वाघांसाठी खणलेले खड्डेही होते. बाबांना ही गोष्ट फार आवडली. पुढं नातवंडांना घेऊन जाताना ते प्रत्येक ओंडक्यापाशी थांबायचे आणि काठीनं भुंगेरे दाखवायचे. एके दिवशी वर फांदीवरून शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे झुपके असलेला काळा पक्षी उडाला, तसे ते थबकलेच. "अरे, हा तर भृंगराज!" कोयनेच्या रानात पाहिलेला पक्षी इथं भेटला म्हणून सत्तरीच्या माणसाचा चेहरा असा उजळलेला मी प्रथमच पाहिला. त्यानंतर सिंगापूर त्यांना परकं राहिलं नाही.

१९८६ मध्ये बुकित तिमा एक्स्प्रेसवे झाला आणि या जंगलाचे दोन तुकडे पडले. २०१३ मध्ये त्या रस्त्यावर फक्त प्राण्यांसाठी ६२ मीटरचा, झाडं लावलेला पूल बांधला. खवलेमांजरंसुद्धा त्याचा वापर करतात. खंबाटकी घाटात रस्त्यावर मेलेली जनावरं बाबांनी आयुष्यभर पाहिली आहेत. त्यांनी भावाला त्या पुलाबद्दल इतके प्रश्न विचारले की तो रात्री बसून माहिती काढत राहिला. शहर वाढवायचं असेल तर असा पूल ही दानधर्माची बाब नाही, रस्त्याच्या खर्चातच तो धरायला हवा. महाराष्ट्रातही हे होऊ शकतं.

चालणं नंतर वाढत गेलं. हेंडरसन वेव्हज हा रस्त्यापासून ३६ मीटर उंचीवरचा लाटांसारखा, लाकडी फळ्यांचा पूल आईला आवडला, कारण त्याच्या वळणांतच बसायला जागा आहेत आणि तिचे गुडघे दुखतात. भाऊ आल्यावर आम्ही सीमा ओलांडून जोहोरमधल्या ६५४ मीटरच्या गुनुंग पुलाईवरही गेलो. पण मुलांच्या मनात राहिला तो जुना रेल्वेमार्ग. तांजोंग पगारहून वुडलँड्सकडं जाणाऱ्या या लोहमार्गावरून ३० जून २०११ ला शेवटची गाडी गेली. ती स्वतः जोहोरच्या सुलतानांनी चालवली होती. रूळ काढून तिथं २४ किलोमीटरची हिरवी पायवाट केलीय. काळ्या लोखंडी पुलावरून चालताना भाच्यांनी आगगाडीचा एवढा आवाज काढला की समोरून येणारे लोक हसून बाजूला झाले. जूनमध्ये 'सुमात्रा' नावाचं वादळ पहाटे-सकाळी पश्चिमेकडून येतं, तेही आम्हाला टेकडीवर गाठून गेलं. माथ्यावरच्या छपराखाली अनोळखी माणसांच्या दाटीत आम्ही तासभर उभे होतो. एका चिनी आजोबांनी सगळ्यांना डब्यातली लिचीची फळं वाटली. आईनं शेंगदाण्याचा लाडू पुढं केला.

सिंगापूरच्या शाळांची वर्षाच्या मध्याची सुट्टी मेअखेरीस सुरू होते आणि महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. मामे-आते भावंडांना एकमेकांसाठी मिळतो तो जेमतेम पंधरवडा. तो वाया घालवायचा नाही, हे आईनं ठरवून टाकलं होतं.

तिच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीखाली जुन्या सुती साड्या होत्या. आजीचं इरकली लुगडं, आईच्या नोकरीच्या काळातल्या दोन साड्या, बाबांचं विरलेलं धोतर. "तुझ्याकडं वाकळ नाही," एवढंच ती म्हणाली. एसीच्या गारव्यात आम्ही बाजारातून आणलेली कृत्रिम धाग्याची पांघरुणं घेतो. त्यांच्याखाली घाम येतो, बाहेर थंडी वाजते. तीन-चार पदरी धुवट सुती कापड घाम टिपतं आणि अंग ऊबदार ठेवतं. सातारच्या थंडीपेक्षा सिंगापूरच्या एसीला वाकळ जास्त शोभते, असं माझं ठाम मत झालंय.

सोफा भिंतीला सरकवला. साड्या एकावर एक अंथरल्या, चारी कोपऱ्यांवर मुलांची जाड पुस्तकं ठेवून कापड ताणून घेतलं, आधी लांब टाक्यांनी थर जोडले. मग कडेनं सुरुवात करून आत आत धावदोरा. आईचा एकेक टाका तांदळाएवढा. वरच्या थराला ठिगळं कमी पडली तेव्हा अरब स्ट्रीटवरच्या दुकानातून बाटिकचे उरलेले तुकडे आणले, माझ्या मुलीचा शाळेचा जुना गणवेश कापला, आणि गुडघ्यावर फाटलेली माझी चढणीची पँटही त्यात गेली. भाच्यांनी घातलेले टाके नागमोडी आले. ते उसवायचे नाहीत अशी आईची सक्त ताकीद होती. बेळगावच्या आत्यानं आल्याआल्या एक बाजू ताब्यात घेतली. वाकळीला कौदी म्हणणारी आत्या आणि वाकळ म्हणणारी आई यांच्यात टाक्यांच्या दिशेवरून दोन दिवस चर्चा चालली. दोघींच्या त्या वादात मला माझी आजी, तिची सासू, अशा न पाहिलेल्या बायकांची नावं कळली. फोनवर ही नावं कधी निघाली नव्हती.

शेजारच्या चिनी आंटी दारातून बघून आत आल्या. त्यांच्या आजीनं शिंप्याकडचे तुकडे जोडून केलेलं पांघरूण त्यांच्याकडं अजून आहे. त्या ते घेऊनच आल्या. बाळासाठी घराघरांतून चिंध्या गोळा करून पांघरूण शिवायची चाल चिनी लोकांतही आहे. आपल्याकडं बाळाला पहिलं दुपटं आजीच्या मऊ लुगड्याचं असतं. आईला आणि त्यांना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण सुई हातात घेऊन त्या दुपारभर बसल्या.

बुकित तिमाच्या पायथ्याला जुना फोर्ड कारखाना आहे. १५ फेब्रुवारी १९४२ ला तिथं जनरल पर्सिव्हल यांनी यामाशितापुढं शरणागती पत्करली. आता तिथं संग्रहालय आहे. ते पाहून आल्यावर मी आईला चांगी तुरुंगातल्या गोधड्यांची गोष्ट सांगितली. शरणागतीनंतर युरोपीय स्त्रिया आणि मुलं त्या तुरुंगात डांबली गेली, पुरुष वेगळे. एथेल मल्वनी या कॅनडाच्या बाईंनी पुढाकार घेतला आणि १९४२ मध्ये त्या बायकांनी प्रत्येकी ६६ चौकोनांच्या तीन गोधड्या केल्या. प्रत्येकीनं आपल्या चौकोनावर नाव किंवा खूण भरली. गोधड्या जखमींसाठी म्हणून रुग्णालयात गेल्या आणि त्या नावांवरून नवऱ्यांना कळलं की आपली बायको जिवंत आहे. तुरुंगातल्या लहान मुलींनीही आपल्या गर्ल गाइड प्रमुख एलिझाबेथ एनिस यांच्यासाठी चोरून षटकोनी तुकड्यांची एक गोधडी शिवली होती. ती लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. आईनं सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या वाकळीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं सगळ्यांची नावं भरायला घेतली. सगळ्यात आधी आजीचं.

वाकळ जुलैत पुरी झाली. ती धुतली तेव्हा खिडकीबाहेरच्या बांबूला तिचं वजन पेलणार नव्हतं, म्हणून खाली इमारतीच्या कट्ट्याजवळच्या दांड्यांवर वाळवली. दमट हवेत वाळायला दोन दिवस लागले. आता ती मुलीच्या पलंगावर आहे. आई-बाबांना विमानतळावर सोडलं तेव्हा बाबांनी पुढच्या खेपेसाठी बूट इथंच ठेवून जातो म्हणून सांगितलं आणि खरोखरच ठेवून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात ज्यांच्याकडं आई-वडील यायचे आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. त्यांना चार जुन्या सुती साड्या बॅगेत टाकायला सांगा, मोठ्या सुया आणि अंगुस्तानही. रेशमी किंवा नायलॉनच्या साड्या नकोत. आणि शहर दाखवण्याआधी पहिल्याच आठवड्यात त्यांना सकाळी सातला बुकित तिमावर न्या. पाण्याची बाटली आणि चांगले बूट घ्या, विजांचा इशारा असेल तर निघू नका. माकडांना खाऊ घालू नका.