मगरिबची वेळ आणि पुढे चाललेली बंडी

नोव्हेंबरचा महिना होता. धानाची कापणी जोरात होती. मूलला एका नातेवाइकाची तब्येत विचारून आम्ही मोटारसायकलवर सिंदेवाहीच्या बाजूला परत निघालो होतो. मागे आमची मुलगी बसलेली. सूर्य बुडाला होता आणि मगरिबची वेळ निघून जाण्याआधी घर गाठायचे म्हणून आम्ही गाडी जरा जोरातच हाकत होतो. समोरून एक ट्रक आला. त्याच्या वरच्या लाइटने डोळे दिपले. ट्रक बाजूने निघून गेला आणि त्यानंतरच्या काळोखात, अगदी समोर, एक भिंत उभी असल्यासारखे वाटले. ती तणसाने भरलेली बंडी होती.

ब्रेक लागला, गाडी मुरमावर घसरली आणि बंडीपासून दोन हातांवर थांबली. मुलीच्या कोपराला खरचटले, एवढ्यावर निभावले. अल्लाहचे लाख लाख शुक्र. भीती गेल्यावर राग आला. "बाबा, अंधारात बिनदिव्याची बंडी घेऊन का फिरता?" असे आम्ही जरा चढ्या आवाजातच विचारले. म्हातारे बंडीवरून उतरले, आधी बैलांच्या पाठीवर हात फिरवला, मग मुलीला पाणी दिले आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुमच्या गाडीले मांगं लाल दिवा हाय. माया बंडीले काय हाय? आन् तुमच्या गाडीले त पुढंही दिवा व्हता."

शेवटचे वाक्य आम्हाला लागले. त्यांच्या बंडीला दिवा नव्हता हे खरे, पण आमच्या गाडीला दिवा असूनही आम्ही त्या दिव्याच्या उजेडापेक्षा जास्त वेगाने जात होतो, हेही तितकेच खरे. त्या संध्याकाळपासून या विषयावर आम्ही जे शिकलो, लोकांना विचारले आणि शाळेत मुलांना सांगतो, ते आज आपल्या घराघरांतल्या वाचकांसमोर ठेवतो आहोत.

एकाच रस्त्यावर दोन चाली

घोडे आता आपल्याकडे वरातीपुरते उरले. पण चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत बैल अजून रस्त्यावर आहे. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी या धानाच्या पट्ट्यात भारे आणि तणस बंडीनेच घरी येतात. वरोरा, राजुरा, कोरपनाकडे कापसाची वाहतूक आहे. शेतातून निघालेली पांदण शेवटी डांबरी सडकेला येऊन मिळते आणि तिथूनच धोका सुरू होतो. कारण त्याच सडकेवर घुग्घुसकडचा कोळसा आहे, गडचांदूरकडचे सिमेंट आहे आणि गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरातून एटापल्ली, आलापल्ली, आष्टी मार्गे जाणारे लोहखनिजाचे ट्रक आहेत. दोन्ही बाजूंना जंगल, कडेला खचलेली साइडपट्टी, आणि मध्ये जेमतेम दोन गाड्या जातील एवढे डांबर.

आता हिशेब पाहा. बैल माणसाच्या चालीने चालतो, तासाला तीन-चार किलोमीटर. तासाला ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर कापते. डिपरवर असलेल्या दिव्यात बिनदिव्याची काळपट वस्तू साधारण ३० ते ४० मीटरवर दिसू लागते. पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एखादा सेकंद जातो, आणि नंतर गाडी थांबायला पुन्हा वीस-पंचवीस मीटर लागतात. भरलेल्या ट्रकला तर त्याहून बरेच जास्त. म्हणजे दिसले तेव्हा उशीर झालेला असतो. यात नशिबाचा भाग नाही, साधे गणित आहे.

आणखी एक गोष्ट त्या म्हाताऱ्यांनीच दाखवली. समोरून येणाऱ्या बंडीच्या बैलांचे डोळे लाइटमध्ये चमकतात, त्यामुळे जनावर आहे हे लांबून कळते. मागून मात्र चमकणारे काहीच नसते. तणस, लाकूड, गोणपाट, सगळे उजेड गिळणारे. म्हणून मागून येणाऱ्या गाडीची धडक जास्त जीवघेणी.

बैलाला काय दिसते, काय ऐकू येते

ज्यांच्या घरी कधी बैल नव्हता त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला आजूबाजूचे जवळजवळ सगळे दिसते, फक्त थेट पाठीमागचे दिसत नाही. मागून आलेली गाडी त्याला आधी ऐकू येते आणि मग एकदम डोळ्याच्या कोपऱ्यात उगवते. त्याचे कान आपल्यापेक्षा तिखट. ट्रकचा एअर हॉर्न शेजारी वाजला किंवा हवेच्या ब्रेकचा फुस्स आवाज झाला की तो दचकतो. त्यावेळी तो आवाजापासून दूर पळतो, म्हणजे खंदकात, नाहीतर दुसऱ्या बाजूने कशाला घाबरला तर सरळ रस्त्याच्या मध्ये. जुवाला दोघे बांधलेले असतात. एक बिथरला की दुसऱ्यालाही ओढून नेतो. कासरा धरलेल्या माणसाच्या हातात त्या क्षणी फारसे काही राहत नाही.

म्हणून गाडीवाल्याने करायचे ते असे. बंडी दिसली की आधी वेग कमी करावा. हॉर्न द्यायचाच तर लांबून आणि हलका द्यावा, कानाशी नको. वरचा लाइट डिपर करावा, कारण त्याने बैलही दिपतात आणि धुरकरीही. समोरून गाडी येत असेल तर बंडीच्या मागे थांबावे, दोन्हींच्या मधून वाट काढू नये. ओलांडताना एका गाडीएवढी जागा सोडावी. तणस आणि बांबू चाकांच्या बाहेर हात-दोन हात आलेले असतात, ते अंधारात दिसत नाहीत. आणि पुढे गेल्यावर लगेच बैलांच्या नाकासमोर गाडी घालू नये.

बंडीवाल्यांसाठी

आपल्या घरांतही शेती करणारे आहेत. त्यांनी ही कामे एका रविवारी उरकून घ्यावीत.

चमकणारी पट्टी, जिला सगळे रेडियम म्हणतात, ती कुठल्याही ऑटो पार्टच्या दुकानात मिळते. मागे लाल, पुढे पांढरी, आणि दोन्ही टोकांना लावावी, म्हणजे बंडीची रुंदी कळते. पण उभाऱ्यांवर लावून भागत नाही, भारे भरले की त्या झाकल्या जातात. म्हणून मागच्या खालच्या आडव्या लाकडावर एक पट्टी पाहिजेच. शिवाय एका जुन्या पत्र्यावर लाल पट्टी चिकटवून, तो दोरीने भाऱ्यांच्या वरून मागे सोडावा. बांबू नेताना त्यांच्या टोकाला दिवसा लाल कापड आणि रात्री हाच पत्रा बांधावा. पट्टीवर चिखल बसला की ती आंधळी होते, निघण्यापूर्वी फडक्याने पुसावी. पोळ्याला आपण बैलांच्या शिंगांना बेगड लावलेले पाहतो. तसाच पट्टीचा एक वेढा शिंगाला बसला तर सणानंतरही तो कामाचा.

सडकेवर बंडी डाव्या कडेने चालवावी. जोडीतला थंड स्वभावाचा बैल उजवीकडे, म्हणजे गाड्यांच्या बाजूला जुंपावा, आणि नवखा डावीकडे. बैल हाताने धरून नेताना आपण गाड्यांच्या बाजूला राहावे. पांदणीतून सडकेवर चढताना आधी एकाने उतरून दोन्हीकडे पाहावे, मग बैल पुढे घ्यावे. बंडीवर झोपू नये. "बैलाले रस्ता माहीत हाय," असे पुष्कळ जण म्हणतात. रस्ता माहीत आहे, ट्रक माहीत नाही.

आमच्या माहितीतल्या एका घरी असे झाले. जोडीतला एक बैल गेला, माणूस वाचला. दुसरा बैल कित्येक दिवस गोठ्यात मान खाली घालून उभा राहायचा. जोडी आज लाखाच्या घरात जाते. एकटा बैल नांगराला चालत नाही, आणि त्या घरचा तो हंगाम तसाच गेला. त्या घरातला मुलगा आमच्याच वर्गात होता. तो त्या वर्षी शाळेत कमी आणि मजुरीला जास्त दिसला.

रमजानमधली घाई

हा भाग खास आपल्या घरांसाठी. २०२४ आणि २०२५ चे रमजान मार्चमध्ये आले. जंगलात ते मोहफुलांचे दिवस. पहाटे, आपण सहरी आटोपून निघतो त्याच वेळी, बाया-मुले टोपल्या घेऊन सडकेच्या कडेने चाललेली असतात. आणि संध्याकाळी गुरे घरी परतण्याची वेळ हीच नेमकी इफ्तारची वेळ. आठवडी बाजार आटोपून निघालेले आपले दुकानदार, दिवसभराच्या रोज्याने थकलेले ड्रायव्हर, सगळ्यांना एकच ध्यास, अजानच्या आधी दस्तरखानावर पोहोचायचे. उजेड सर्वांत कमी, शरीर सर्वांत थकलेले आणि वेग सर्वांत जास्त, असे तिन्ही एकत्र येते.

उपाय अगदी सोपा आहे. गाडीत चार खजूर आणि पाण्याची बाटली ठेवावी. वेळ झाली की गाडी बाजूला घेऊन रोजा सोडावा. इफ्तार वेळेवर करण्याची सुन्नत रस्त्याच्या कडेलाही पूर्ण होते. आणि घरच्या बायकांना आमची विनंती आहे की, "कुठपर्यंत आलात? लवकर या," असा फोन करण्याऐवजी, "सावकाश या, तिथेच रोजा सोडा," असे सांगावे. गाडी चालवणाऱ्याच्या पायावर घरातल्या शब्दाचा परिणाम होतो.

कायद्यातल्या कामाच्या गोष्टी

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये बदल झाले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. शेतावर डबा पोहोचवायला चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती गाडी देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट लागते.

अपघात दिसला तर थांबायला घाबरू नये. जखमीला मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, असे याच कायद्यात आहे. १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस मिळतात. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये भरपाईची योजना आहे. त्यासाठी तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. बैल मेला आणि गाडी सापडली, तर तिच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागता येते. मात्र त्यासाठी पोलिसांचा पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा शवविच्छेदन अहवाल हवा. दुःखाच्या भरात जनावर लगेच पुरून टाकले तर दावा कमजोर होतो.

रस्त्याचा हक्क

आपल्याकडे रस्त्यालाही हक्क आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रस्त्याचे हक्क सांगितले तेव्हा त्यांत कोणाला त्रास न देणे हा एक हक्क सांगितला. वाटेतली इजा देणारी वस्तू दूर करणे हा ईमानचाच भाग ठरवला. मुक्या जनावरांच्या बाबतीत अल्लाहचे भय बाळगा, अशी ताकीद दिली. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी तर सांगितले जाते की, दूर इराकच्या वाटेवर एखादे खेचर ठेचकाळले तरी रस्ता नीट का केला नाहीस, असा जाब आपल्याला विचारला जाईल, अशी त्यांना धास्ती होती. आपल्या गाडीसमोरचे बैल तर इराकपेक्षा फार जवळ आहेत.

आणि एक शिकवण आम्हाला त्या संध्याकाळनंतर नव्याने कळली. स्वाराने पायी चालणाऱ्याला आधी सलाम करावा, असे हदीसमध्ये आहे. जो उंच बसला आहे, वेगाने चालला आहे, त्याने आधी मान द्यायचा. आज स्वार म्हणजे ट्रकवाला, पिकअपवाला आणि मोटारसायकलवाले आपण. ब्रेकवर अलगद ठेवलेला पाय, हा त्या सलामचाच एक प्रकार आहे, असे आम्ही मुलांना सांगतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही रेडियमची एक गुंडाळी घेऊन त्या म्हाताऱ्यांचे घर शोधत गेलो. मुलगीही सोबत होती. मागच्या लाकडावर पट्टी तिनेच चिकटवली. अंधार पडल्यावर आम्ही गाडीचा दिवा लावून पाहिला. खूप लांबूनही बंडीची दोन्ही टोके लाल चमकत होती. म्हातारे आमच्या शेजारी उभे राहून आपलीच बंडी पाहत होते. म्हणाले, "आता दिसते जी." मग बैल सोडायला गेले.

शाळेच्या मुलांनी नंतर गावातल्या बहुतेक बंड्यांना आणि स्वतःच्या सायकलींना पट्ट्या लावल्या. बिर्याणीच्या एका प्लेटएवढाही खर्च एका बंडीला आला नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या, आपल्या गावातल्या एका बंडीला, ती कोणाचीही असो, येत्या जुम्म्यानंतर आपणही एक पट्टी लावून पाहा. आणि त्या संध्याकाळी घरी परतताना गाडी थोडी सावकाश चालवा.