यिर्मयाचा विलाप आणि आपलं बिरडं

मुंबईच्या डिलाईल रोडने सरळ सात रस्त्याला या. तिथेच बेने इस्रायली ज्यूंचं तिफेरेथ इस्रायल सिनेगॉग आहे.

या ज्यूंच्या एका शोकाची गोष्ट फार जुनी: इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबिलोनच्या फौजांनी यरुशलेम बेचिराख केलं. परंपरा सांगते, संदेष्टा यिर्मयाने त्यावर ‘विलापगीत’ रचलं. पाच अध्याय, पहिले चार हिब्रूच्या २२ अक्षरांच्या क्रमाने बांधलेले. जणू दुःखाची बाराखडीच!

ज्यू पंचांगातल्या अव महिन्याच्या नवमीला ज्यू लोक कडक उपास करून हे विलापगीत वाचतात. कोकणातून आलेल्या बेने इस्रायलींकडे या दिवसाचं जुनं नाव काय? ‘बिरड्याचा सण’! या सुमारास घरोघरी वालाचं बिरडं व्हायचं.

वाल सोलताना आठवा: अडीच हजार वर्षांचा शोक कोकणी चुलीपाशी असा रुजला.

#डिलाईलरोड #बेनेइस्रायल