भिंतीच्या पोटातला महाल

पाऊस चांगला झाला की सोलापुरात एक चौकशी सुरू होते, "नर-मादी पडायलेत का?" पडत असल्याचं कळलं, की हैदराबाद रस्त्यानं नळदुर्गाकडे रीघ लागते. पन्नासेक किलोमीटरची ही वाट मीही पावसाळ्यात चुकवत नाही.

नर आणि मादी ही बोरी नदीच्या बंधाऱ्यावरून कोसळणाऱ्या दोन धारांची नावं. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहानं १६१३च्या सुमारास हा बंधारा बांधवून घेतला. एका अंगाला नळदुर्गाचा मुख्य किल्ला, दुसऱ्या अंगाला रणमंडळ. दोहोंमधली नदी याच भिंतीनं अडवली आणि दोन्ही किल्ले जोडणारी वाटही याच भिंतीच्या माथ्यावरून गेली. बंधारा तोच, पूलही तोच.

माथ्यावरून चालताना डावी-उजवीकडे पाहिलं की बांधणाऱ्याचं डोकं कळतं. एकीकडे पाणी भिंतीला टेकून शांत उभं, दुसरीकडे खोल दरी. तलाव भरला की पाणी वाटेल तिथून ओसंडत नाही; नेमून दिलेल्या दोनच जागांवरून खाली झेपावतं. भिंत काळ्या घडीव दगडाची, म्हणूनच तिच्या अंगावरून पुराला वाट देता आली. सोलापूरजवळ हिप्परग्याला १८७१ साली पुरा झालेला एकरुख तलाव आहे. त्याचा बांध मातीचा. मातीवरून पाणी वाहू लागलं तर ते बांधच कापून नेतं, म्हणून तिथं जादा पाणी सांडव्यानं बाजूला काढावं लागतं.

मग जिना उतरायचा. तो भिंतीच्या पोटातच शिरतो. पायरीगणिक अंधार आणि गारवा वाढतो, बोलणं ऐकू येईनासं होतं, आणि एकदम कमानींतून उजेड येतो. हा पाणीमहाल. समोर पाण्याचा पांढरा पडदा, तोंडावर तुषार. पाठीमागच्या दगडावर मी तळहात टेकवतो. त्यापलीकडे अख्खा तलाव उभा आहे.

आमच्या या कोरड्या मुलखात पाणी अडवणं ही गरज होती. ती भागवताना त्या कारागिरांनी पाण्यालाही मोकळी वाट दिली, माणसालाही दिली, आणि वर ते पाहत बसायला एक खोली ठेवली. चारशे वर्षांनंतर त्या खोलीत उभं राहिलं की हात आपोआप जोडले जातात.